तुमच्या घरी भाकरी किती लागतात?

निवृत्त झाल्यापासून लग्नाकार्यात भेटणारी माणसं हटकून विचारतात, "तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता हो?" मी खरं तेच सांगते. लोकांच्या घरी जाऊन रोज भाकरी किती लागतात ते विचारत होते, आणि त्याचा मला दर महिन्याला पगार मिळत होता. समोरचा हसतो. मी हसत नाही असं दिसलं की पलीकडच्या खुर्चीवरच्या पाहुण्याशी पावसापाण्याचं बोलायला लागतो.

आमचा कारखाना शिरवळचा. मोठा नव्हे, हायवेवरून गाडी जोरात असली तर दिसतही नाही. मालक फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे सगळे त्यांना सुभेदारसाहेबच म्हणायचे. आम्ही घरघंट्या बनवायचो, म्हणजे घरच्या घरी दळायच्या छोट्या चक्क्या. माझ्या टेबलामागं 'ग्राहक विभाग' अशी पाटी होती आणि त्या विभागात मी एकटी होते. साताऱ्याहून रोज येऊन-जाऊन करायचे.

या विभागाचं काम सांगायला सोपं. नवीन वस्तू बनवायच्या आधी ती कुणाला हवीय, कशासाठी हवीय, त्याचं आत्ता कुठं अडतंय, हे विचारून यायचं. अडचण एवढीच, की माणसाला विचारलं तर तो आपल्याला काय हवंय ते सांगत नाही. आपण कसं दिसावं असं त्याला वाटतं, ते सांगतो. मला हे शिकायला घरघंटीचं एक अख्खं मॉडेल खर्ची घालावं लागलं.

झालं असं, की तासगावकडं मी घरोघर विचारलं, घरघंटीत काय खुपतं? सगळ्या बायकांचं एकच उत्तर: आवाज. डोकं उठतं, टीव्ही ऐकू येत नाही, बाळ झोपत नाही. आमच्या इंजिनियर पोरांनी जिवाचं रान करून बिनआवाजाची घरघंटी केली. मांजर घोरावं एवढाच आवाज. दुकानात गेली आणि तिथंच बसली, कुणी घेईना. शेवटी एका द्राक्षबागायतदाराच्या बायकोनं मला खरं सांगितलं. "आवं, आवाजच न्हाई म्हटल्यावर शेजारणीला कळायचं कसं, आमच्यात घरघंटी हाय म्हणून?" आम्ही आवाज परत घातला. साहेबांनी तो आधीपेक्षा थोडा वाढवूनच घातला, आणि मालाला उठाव आला.

तर अशा मला साहेबांनी एक दिवस बोलावून सांगितलं, की आता आपण भाकरीचं यंत्र करायचं. पीठ मळून गोळा आत ठेवला की भाकरी भाजून बाहेर. चपातीची यंत्रं बाजारात होती, पण ज्वारीचं पीठ हे हट्टी प्रकरण. त्याला गव्हासारखा चिवटपणा नसतो, गरम पाण्यात मळावं लागतं, आणि लाटायला गेलं तर कडा फाटतात. म्हणून तर भाकरी थापतात. पोरांनी ती अडचण कशीबशी सोडवली होती. प्रश्न होता यंत्र केवढं करायचं याचा. "तुम्ही आटपाडीकडे जा," साहेब म्हणाले. "तिकडे ज्वारी, तिकडे बाजरी. घरात माणसं किती, भाकऱ्या किती, कोण करतं, एवढाच रिपोर्ट आणा." या साध्या कामात माणदेशातल्या एका घरातल्या मुलाचं लग्न अडकेल आणि ते सुटेल की मोडेल याचा घोर मला महिनोन्‌महिने लागेल, असं त्या दिवशी मला कुणी सांगितलं असतं, तर मी रजा टाकली असती.

गाडीवर शौकतभाई होते. मूळचे विट्याचे, बोलायला कमी. आम्ही सकाळी एका गावात पोचलो. पहिल्याच घरी चहाबरोबर कांदेपोहे आले. दुसऱ्या घरी पोहे, वर खोबरं. तिसऱ्या घरी पोह्यांवर डाळिंबाचे दाणे. मला वाटलं, काय हो ही माणसं! दुष्काळी भाग म्हणतात, पण अगत्य बघा. दुपारपर्यंत माझ्या पोटात एवढे पोहे झाले होते की भाकरीचं नाव काढताना ढेकर यायची.

आणि उत्तरं तर विलक्षण. "आमच्यात आठ माणसं. भाकरी तीन." दुसऱ्या घरात: "भाकरी कोण खातंय आता? आमी समदी भातच खातो." बाहेर ओसरीवर ज्वारीच्या पोत्यांची थप्पी. तिसऱ्या घरातल्या सासूबाई म्हणाल्या, "भाकऱ्या मीच करती. घरात कितीबी माणूस येऊ द्या, दुसऱ्या कुणाला म्या चुलीपाशी फिरकू बी देत न्हाई." घरात दुसरी बाई नव्हतीच. मी सगळं इमानानं लिहून घेत होते.

दिवस कलता कलता आम्ही हौसाक्कांच्या घरी पोचलो. गावाबाहेर डाळिंबाच्या बागेत घर. घरात अक्का, त्यांचे मालक, म्हातारे सासरे आणि तीन मुलगे. पाच पुरुष आणि एक अक्का. ओसरीला नवा रंग दिलेला, इतका ताजा की टेकले तर साडीला लागला.

"अक्का, रोज भाकरी किती लागतात?"

"चार. लय झाल्या तर पाच."

"एका माणसाला?"

"न्हाई वं. समद्यांस्नी."

मी तिघा दांडग्या पोरांकडं बघितलं. धाकटे दोघं भिंतीकडं बघायला लागले. अक्कांनी आत हाक मारली, "म्हादू, ये रं भायेर. ताईंच्या म्होरं बस." थोरला महादू बाहेर आला. पस्तिशी गाठलेला, अंगात करकरीत पांढरा शर्ट. माझ्यासमोर खाली मान घालून बसला. अक्का म्हणाल्या, "इचारा, काय इचारायचं त्ये. दारू न्हाई, तंबाखू न्हाई. बाग सोताच्या नावावर हाय. बोअरला पाणी हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बागायत असो की जिरायत, शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं हल्ली किती अवघड झालंय, हे मलाही माहीत होतं. पूर्वी मुलाकडचे मुलगी बघायला जायचे, आता आधी मुलीकडचे येऊन घर बघून जातात.

"अक्का, मी कंपनीकडून आलेय," मी म्हटलं. "भाकरीच्या यंत्रासाठी माहिती घेतेय."

"व्हय वं, कळतंय की," अक्का समजूतदारपणे म्हणाल्या. "सरळ कोण सांगतंय? मागल्या साली एक जण शेळ्या बघाया म्हणून आल्तं. शेळीकडं बघितलं बी न्हाई, न्हाणीघर बघून गेलं."

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून दाखवलं. अक्कांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि मालकांकडं वळून कौतुकानं म्हणाल्या, "कार्ड बी केलंय. लय पक्की माणसं हायत."

"अक्का, मला मुलगी नाहीये हो!"

"मग पुतणी आसंल."

पुतणी मला खरंच होती. ती पुण्यात असते आणि भाकरीचा फोटोसुद्धा ओळखणार नाही, पण होती. मी उठले. महादूनं तेवढ्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि "पाणी आणू का?" एवढंच विचारलं. माणूस मला आवडला. मीच जर मुलीची काकू असते तर तिथंच होकार दिला असता, आणि म्हणूनच मला स्वतःचा फार राग आला. कुणाच्या घरी नुसतं जाऊन आपण केवढी आशा लावून आलो!

गाडीत मी शौकतभाईंना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "व्हय, सकाळधरनं मला समद्या घरी इचारत्यात, पोरगीला भाऊ किती."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्या म्हटलं, मला काय बी म्हाईत न्हाई. तवा त्येंची खात्रीच पटली."

मी येणार असल्याचं कंपनीनं आधी कळवलं होतं, आणि तेवढ्यावर एका गावातून दुसऱ्या गावात फोन गेले होते. साताऱ्याच्या एक बाई यंत्राचं निमित्त काढून घरं बघत फिरतायत, मुलीला काम पडू नये म्हणून भाकऱ्या मोजतायत. म्हणून ते पोहे, म्हणून तो रंग, आणि म्हणून आठ माणसांत तीन भाकऱ्या.

शिरवळला परत येऊन मी साहेबांना सांगितलं, की हे सगळे आकडे खोटे आहेत, फाडून टाका. साहेबांनी कागद वाचले, पुन्हा वाचले. "एखादा माणूस खोटं बोलेल," ते म्हणाले. "पण सगळे एकसारखं खोटं कसं बोलतील? आकडे आपसात जुळतायत. जुळले म्हणजे रिपोर्ट पक्का." इंजिनियर पोरं खूश झाली, कारण चार भाकऱ्यांचं यंत्र बनवायला सोपं होतं. मी भांडले, आवाज चढवला. साहेबांनी मला चहा पाजला आणि चार भाकऱ्यांचं यंत्र केलं. चार झाल्या की ते दमायचं आणि गार होईपर्यंत पाचवी घ्यायचं नाही. दिसायला मात्र देखणं, लालभडक, खोक्यावर टम्म फुगलेल्या भाकरीचा फोटो.

वापरून बघायला म्हणून ती यंत्रं आम्ही त्याच घरांना फुकट दिली. काही आठवड्यांनी मी विचारपूस करायला गेले. अक्कांच्या घरात यंत्र टीव्हीशेजारी, वर लोकरीचा रुमाल, पुढ्यात हळदकुंकू. खोकंही टाकलेलं नव्हतं. फोटो दिसेल असं बाजूला उभं केलं होतं.

"कसं आहे अक्का यंत्र?"

"लय ब्येस हाय."

"चालवून बघितलं?"

"चालवायचं कशाला? बिघाडलं म्हंजी?"

दुसऱ्या घरी तसंच, तिसऱ्या घरीही तसंच. आणि आश्चर्य म्हणजे आटपाडीच्या दुकानदाराचे मागणीसाठी फोन सुरू झाले. ज्या घरात लग्नाचा मुलगा, त्या घरात यंत्र. बघायला येणाऱ्यांना बाहेरच्या खोलीतच दिसावं, की या घरात येणाऱ्या मुलीला भाकऱ्या बडवाव्या लागणार नाहीत. एका गृहस्थांनी तर दुकानात विचारलं, आतलं मशीन नसलं तरी चालेल, नुसतं खोकं केवढ्याला? दुकानदारानं दिलंही.

साहेबांनी बैठक घेतली. "एवढा माल गेला आणि तक्रार एकही नाही!" ते म्हणाले. नसणारच. न वापरलेलं यंत्र बिघडणार कसं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला सारखी दिसायची ती कुणीतरी मुलगी, हे लाल यंत्र बघून होकार देणारी, आणि लग्नानंतर दुसऱ्या दिवसापासून पाच-सहा माणसांच्या वीस-पंचवीस भाकऱ्या थापत बसणारी. ते यंत्र मी विकत होते. त्या दिवसांत मला रात्री जेवण गोड लागत नव्हतं.

अशात हौसाक्कांचा फोन आला. "ताई, रविवारी विट्यास्नं पाव्हणं येत्यात. पोरगी बी येतीया. तुमी या. मशीन तुमीच लावून दावा. आमास्नी कळ दाबाया येत न्हाई." आवाज रडवेला होता. याआधी चार स्थळं घर बघून गेली होती आणि नंतर कुणी फोन उचलला नव्हता. महादूचं वय पुढं चाललं होतं, आणि त्याच्यामागं दोघं उभे होते. हे जमलं नाही तर त्या घरात कधीच सून येणार नाही असं अक्कांनी मनाशी धरलं होतं. ग्राहकाला यंत्र लावून दाखवणं माझ्या कामात बसत होतं. मी गेले.

पाहुणे म्हणजे आई, वडील आणि सुजाता. सुजाता विट्याला एका दवाखान्यात रक्ततपासणीचं काम करायची. बोलणं कमी, पण नजर तेज. तिच्या आईनं माझ्याकडं बघून विचारलं, "तुमी पोराच्या आत्या व्हय?"

"नाही, मी कंपनीची."

बाईंनी नवऱ्याकडं बघून डोळे मिचकावले. "कंपनीच्या म्हणे."

मी ओळखपत्र काढायला गेले आणि परत ठेवून दिलं.

दुपारची वेळ. आमटी, वांग्याची भाजी तयार होती. पाहुण्यांनी नको नको म्हटलं तरी अक्कांनी जेवूनच जायचं असा हट्ट धरला होता, कारण गरम भाकरी यंत्रातून निघताना दाखवायची होती. मी गोळा ठेवला, कळ दाबली. सगळे वाकून बघत होते. पहिली भाकरी एका बाजूनं करपून आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची निघाली. "पहिली अशीच येते," मी म्हणाले. दुसरी ठेवली, आणि लाइट गेली.

 पंखा हळूहळू थांबला. सुजाताच्या वडिलांनी खाकरून घेतलं. मग तिची आई मोकळेपणानं म्हणाली, "आवं अक्का, जाऊ द्या मशीन. थापा की चार. आमी काय परकी हाय व्हय?"

अक्का जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांच्या शेजारी बसले होते, तेव्हा मला प्रथम नीट दिसलं. त्यांचा उजवा हात मनगटात कधीतरी मोडला होता आणि वाकडाच जुळून आला होता. त्या हातानं भाकरी थापणं शक्यच नव्हतं. मग इतके दिवस या घरात भाकऱ्या करत होतं कोण?

महादू उठला. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कुणाकडं न बघता आत गेला. जरा वेळानं आतून थपथप असा आवाज यायला लागला. सरावाचा, न अडखळता.

"आत कोण हाय?" सुजाताच्या आईनं विचारलं.

"शेजारीण," अक्का म्हणाल्या.

"मी पाणी पिऊन येती," म्हणून सुजाता उठली, आणि कुणी अडवायच्या आत स्वयंपाकघरात गेली. थपथप थांबली. अक्कांनी माझा हात असा काही घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. कानाशी लागून म्हणाल्या, "गेलं वं ताई समदं. बायकांची कामं करतंय म्हणत्याल. गावात कुणास्नी सांगितलं न्हवतं वं म्या. दार लावून करत हुता."  मी माझ्या लिहून घेतलेल्या प्रश्नांत 'घरातली कोणती बाई भाकरी करते' असंच विचारलं होतं, प्रत्येक घरात.

आतून काही ऐकू येईना. मग थपथप परत सुरू झाली. आणि एकदा सुजाताच्या हसण्याचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भाकऱ्यांची टोपली होती. वरची भाकरी अजून फुगलेलीच होती. टोपली वडिलांसमोर ठेवून ती म्हणाली, "आबा, मला भाकरी येत न्हाई, तुमाला म्हाईत हाय."

"व्हय."

"ह्येंला येतीया." एवढं म्हणून ती माझ्याकडं वळली. "मॅडम, हे मशीन परत न्या."

"अहो पण..."

"ह्येच्या दोन व्हायच्या आत त्येंच्या धा झाल्या."

अक्का रडायला लागल्या. त्या का रडतात हे त्यांच्या मालकांना कळेना, ते सारखे "काय झालं? न्हाई म्हटली का?" असं विचारत राहिले. सुजाताच्या आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवून खाल्ला, दुसरा मोडला आणि म्हणाले, "बोलणी जेवल्यावर करू."

त्या लग्नाला मी आणि शौकतभाई दोघंही गेलो. अक्कांनी मला मुलाच्या आत्यांच्या रांगेत बसवलं. मी बसले.

यंत्र मात्र परत आलं. कारखान्यात परत आलेला तो पहिलाच नग, त्यामुळे साहेबांनी मला बोलावून घेतलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनी उभ्यानं ऐकलं. मला वाटलं, आता तरी ते चार भाकऱ्यांचं खूळ सोडतील. ते खिडकीपाशी गेले, परत आले. "म्हणजे भाकऱ्या पुरुष करतात," ते म्हणाले.

"साहेब, एक करतो."

"एक दिसला म्हणजे मागे पलटण असते. तुम्ही परत जा. कुठल्या घरात पुरुष भाकरी करतो, किती करतो, त्याला काय अडचण येते, रिपोर्ट आणा. आपण पुरुषांसाठी यंत्र करू."

माझी निवृत्ती जवळ आली होती. मी तरीही गेले. आठवडाभर फिरले. पोहे आता मिळत नव्हते, कारण महादूचं लग्न जमवणाऱ्या बाई म्हणून माझी ख्याती झाली होती आणि आता मला थेट मटण मिळत होतं. पण प्रश्न विचारला की घरोघर एकच उत्तर: छ्या! पुरुषमाणूस आणि भाकरी? आमच्यात असलं चालत न्हाई.

शेवटचं घर ओढ्याच्या कडेला होतं. दार आतून लावलेलं. मी कडी वाजवली. आत काहीतरी घाईघाईनं झाकल्याचा आवाज झाला आणि एका आडदांड गड्यानं दार उघडलं. मिशा पिळदार, गळ्यात ताईत.

"भाऊ, तुमच्या घरी पुरुष कधी भाकरी करतात का?"

"आवं बाई, काय बोलताय!" तो केवढ्यानं तरी ओरडला. "आमी मर्द गडी हाय. आमी परातीला हात बी लावत न्हाई."

त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ लागलेलं होतं.

मी कागदावर 'नाही' असं लिहिलं. "बरं भाऊ," म्हटलं, "तव्यावरची करपत असेल, ती उलटा आधी." तो तसाच आत पळाला.